लाव्हिलेनी : विश्वविक्रम आहे, ऑलिंपिक सुवर्ण आहे, पण मैदानी जगज्जेतेपद एकदाही नाही. मग त्याला कुठे बसवायचं?

अनवट_वाट (धागाकर्ता)

मंडळी, ॲथलेटिक्सवर इथे फारसं कोणी लिहीत नाही, नीरजची फायनल असली की तेवढी गर्दी होते. म्हणून आज मुद्दाम अशा खेळाडूवर धागा काढतोय ज्याला मी २००९ पासून फॉलो करतोय. रेनो लाव्हिलेनी, फ्रान्सचा पोल व्हॉल्टर (म्हणजे बांबूउडीवाला).

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९८६, नैऋत्य फ्रान्समधल्या शारांत भागातला. वडील पोल व्हॉल्ट करायचे, धाकटा भाऊ व्हालाँताँही त्यातच. २००९ च्या मार्चमध्ये तुरिनला युरोपियन इनडोअर जिंकला आणि जूनमध्ये पोर्तुगालमधल्या लेरियाला एकदम ६.०१ मीटर, फ्रान्सचा नवा राष्ट्रीय विक्रम. तिथून पुढे काय धडाका लावला बघा, युरोपियन इनडोअर लागोपाठ चार वेळा (२००९, ११, १३, १५), युरोपियन मैदानी तीन वेळा (२०१०, १२, १४), वर्ल्ड इनडोअर तीन वेळा (२०१२, १६, १८), डायमंड लीग या वार्षिक स्पर्धामालिकेची ट्रॉफी २०१० ते २०१६ सलग सात वर्षं, २०१२ ला लंडनमध्ये ५.९७ चा ऑलिंपिक विक्रम करून सुवर्ण, आणि २०१४ मध्ये ६.१६, युक्रेनच्या सर्गेई बुब्काचा जवळपास २१ वर्षं टिकलेला विश्वविक्रम मोडला.

आणि मैदानी जागतिक स्पर्धा? २००९ बर्लिन कांस्य, २०११ देगू कांस्य, २०१३ मॉस्को रौप्य, २०१५ बीजिंग कांस्य, २०१७ लंडन कांस्य. पाच पदकं, सुवर्ण शून्य.

माझं मत स्पष्ट आहे, स्वीडनचा डुप्लांटिस यायच्या आधी बुब्कानंतरचा सर्वोत्तम पोल व्हॉल्टर हाच, आणि त्या शून्याने त्यात काही फरक पडत नाही. पण मित्रांमध्ये यावर नेहमी वाद होतो. तुम्हाला काय वाटतं?

मैदानप्रेमी

लेख आवडला पण मताशी असहमत. मोठा खेळाडू मोठ्या दिवशी कळतो. बुब्काने १९८३ ते १९९७ लागोपाठ सहा वर्ल्ड चँपियनशिप जिंकल्या, सहा! हा पाच वेळा पोडियमवर जातो आणि एकदाही मधल्या पायरीवर उभा राहत नाही, हे नुसतं दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही.

कोहम्_कोऽहम्

मैदानप्रेमींना +१

झेप

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी. मी विद्यापीठाकडून पोल व्हॉल्ट करायचे (आता गुडघे नाही म्हणतात) त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लाव्हिलेनीची उंची १.७७ आहे. बुब्का १.८३, आणि त्या दोघांच्या काळातले बरेच व्हॉल्टर त्याहून उंच. आता उंचीने काय फरक पडतो? पोल बॉक्समध्ये (रनवेच्या टोकाच्या खाचेत) टेकवता त्या क्षणी तुमचे हात जितके वर असतील तितका पोल जमिनीशी मोठा कोन करून उभा असतो, म्हणजे त्याला सरळ करायला कमी कष्ट. बुटक्या माणसाला तिथेच तोटा, तो तोटा त्याने कुठून तरी भरून काढायलाच पाहिजे. याने वेगाने भरून काढला.

गणित सोपं आहे, शाळेतलंच. वरचे पुरुष व्हॉल्टर टेक-ऑफच्या आधी साधारण सेकंदाला साडेनऊ मीटरने पळत असतात, हातात पाच मीटरचा पोल घेऊन. ती सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलली तर होतात सुमारे ४.६ मीटर. तुमचा गुरुत्वमध्य आधीच जमिनीपासून एक मीटरभर वर असतो, झाले ५.६. त्याच्या वरचं जे काही आहे ते टेक-ऑफची उडी, हवेत उलटं होताना खांद्या-पोटाने पोलमध्ये घातलेला जोर, आणि शेवटी पोल सोडताना दिलेला धक्का. म्हणजे ६.१६ मधले वरचे पन्नासेक सेंटिमीटर हे निव्वळ शरीराचं काम आहे. त्याचा व्हिडिओ हळू करून बघा, पोल वाकलेला असताना तो इतक्या लवकर उलटा होतो की पोल सरळ होईपर्यंत पाय आकाशाकडे तयार असतात. मल्लखांबावरचा चांगला पोरगा जसा हाताच्या एका ओढीत वर जातो तसं, फक्त इथे खांबच हलत असतो.

आणि एक, पोल कोणीही कुठलाही उचलून चालत नाही. प्रत्येक पोलवर लांबी आणि किती वजनाच्या माणसासाठी आहे ते लिहिलेलं असतं. हा माणूस सत्तर किलोच्या आतबाहेर, आणि वापरायचा स्वतःच्या वजनापेक्षा बऱ्याच जास्त रेटिंगचे कडक पोल. कडक पोल वेगाशिवाय वाकतच नाही, उलट तुम्हाला रनवेवर परत फेकतो. मला एकदा फेकलंय, म्हणून सांगतेय.

पाटलाचा_वाडा

झेपताई, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

भाबडा_प्रश्न

मला एक बेसिक शंका आहे. मॉस्कोला रौप्य म्हणताय, पण मी आत्ता बघितलं तर सुवर्णवाल्याची उंची पण ५.८९ आणि याची पण ५.८९. मग हा हरला कसा?

झेप

@भाबडा_प्रश्न, उंची सारखी असेल तर त्या शेवटच्या उंचीवर कोणाचे कमी प्रयत्न गेले ते बघतात. तिथेही सारखं असेल तर त्या उंचीपर्यंतचे स्पर्धेतले सगळे फाउल मोजतात. मॉस्कोत जर्मनीच्या राफाएल होल्त्सडेपेने असाच नंबर काढला.

म्हणून पोल व्हॉल्टमध्ये 'पास' हा अर्धा खेळ आहे. कुठल्या उंचीवर सुरू करायचं, कुठली सोडायची, एक फाउल झाला तर तीच परत मारायची की उरलेले दोन प्रयत्न पुढच्या उंचीवर न्यायचे. दम किती उरलाय त्याचा हिशोब सतत डोक्यात चालू. लाव्हिलेनी उशिरा सुरू करणाऱ्यांपैकी, आणि ते कधी कधी अंगाशी येतं. २०१६ ला ॲम्स्टरडॅमच्या युरोपियन फायनलला त्याने सुरुवातच ५.७५ ने केली, तिन्ही फाउल, एकही उंची नाही, घरी.

मैदानप्रेमी

हेच म्हणतोय मी. तीनदा युरोपचा चँपियन माणूस, ५.७५ वर नो हाइट!

अनवट_वाट

अहो पण बुब्कासुद्धा १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकला एकही उंची न ओलांडता बाहेर गेला होता. अख्ख्या कारकिर्दीत त्याचं ऑलिंपिक सुवर्ण एकच, सोल १९८८, ५.९० मीटर. त्यावरून त्याला कोणी लहान ठरवत नाही. हा खेळच असा आहे, ॲम्स्टरडॅमला नो हाइट झालेला लाव्हिलेनी दोन महिन्यांत रिओ ऑलिंपिकला ५.९८ मारतो.

डोंगरदऱ्या

डोनेत्स्कबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण माझ्या मते तो एकच दिवस सगळा वाद मिटवायला पुरेसा आहे.

१५ फेब्रुवारी २०१४. युक्रेनमधलं डोनेत्स्क, बुब्काचं गाव. 'पोल व्हॉल्ट स्टार्स' ही स्पर्धाही बुब्काचीच. ज्या शहरात बुब्काने २१ फेब्रुवारी १९९३ ला ६.१५ मारले त्याच शहरात, बुब्का स्वतः हजर असताना, लाव्हिलेनीने बार ६.१६ ला लावायला सांगितला आणि पहिल्याच प्रयत्नात वरून गेला. पहिल्याच! गादीवर पडल्यावर त्याचा चेहरा बघा, डोक्याला हात लावून तो नुसता ओरडतोय, त्याचा त्यालाच विश्वास बसत नाहीये. आणि बुब्का उठून येऊन मिठी मारतो. स्वतःचा इतक्या वर्षांचा विक्रम स्वतःच्या गावात स्वतःच्या स्पर्धेत जाताना बघणं सोपं नाही, पण तो मनापासून आनंदला होता.

बरं हे अचानक आलेलं नव्हतं, जानेवारीत रूआँला ६.०४, मग महिनाअखेर पोलंडमध्ये बिदगोश्चला ६.०८, आणि पंधरा दिवसांत हे. फॉर्म काय असतो ते त्या तीन आठवड्यांत बघायला मिळालं. पुढे त्याच दिवशी ६.२१ चा प्रयत्न करताना पायाला जखम झाली, टाके पडले, आणि सोपॉटची वर्ल्ड इनडोअर हुकली. त्या वर्षी तो जगातला सर्वोत्तम ॲथलीट ठरला.

ते दिवस आठवले की आणखी एक आठवतं. त्याच वर्षी मे महिन्यात डोनेत्स्कमधलं ते द्रुझ्बा सभागृह लुटून पेटवून दिलं गेलं. विक्रमानंतर जेमतेम तीन महिने. ती स्पर्धा तिथे परत झाली नाही.

कोहम्_कोऽहम्

बापरे, हे माहीत नव्हतं.

सूर_मारलेला

६.१६ इनडोअर आहे. मैदानी सर्वोत्तम ६.०५, २०१५ ला युजीनमध्ये. बुब्काचा मैदानी ६.१४ (सेस्त्रिएरे, १९९४) याला कधीच गाठता आला नाही. इनडोअरला वारा नाही, पाऊस नाही, ऊन डोळ्यात नाही. माझ्या मते लाव्हिलेनी हा इतिहासातला सर्वोत्तम इनडोअर व्हॉल्टर होता, आणि धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

अनवट_वाट

@सूर_मारलेला, मुद्दा चांगला आहे, पण बुब्काचा ६.१५ पण इनडोअरच होता की. आणि डायमंड लीगची सात वर्षं? ती सगळी उन्हापावसातलीच. वाऱ्याची भीती असलेला माणूस असा जिंकत नाही.

तिखट_मीठ

धाग्यात रिओ आलं नाही असं कसं होईल!

मी ऑफिसला जायच्या आधी बघत होते, आपल्याकडे सकाळ होती, तिकडे मध्यरात्र. आधी पावसाने खोळंबा. मग लाव्हिलेनी एकेक उंची पहिल्या प्रयत्नात काढत ५.९८ पर्यंत. स्वतःचाच लंडनचा ऑलिंपिक विक्रम मोडला. सुवर्ण खिशात असं मी घरात सगळ्यांना सांगून मोकळी. आणि तो ब्राझीलचा तियागो ब्राझ, ज्याची मैदानी सहा मीटरची एकही उडी नव्हती, त्याने ५.९८ पास करून ६.०३ लावला आणि दुसऱ्या प्रयत्नात पार! स्टेडियम वेडं झालं. आणि मग लाव्हिलेनी रनवेवर उभा राहिला की अख्खं स्टेडियम हुर्यो करतंय. पोल व्हॉल्टरला रनअपच्या आधी काय शांतता लागते. त्याने चिडून अंगठा खाली केला, मग तर आणखीनच.

दुसऱ्या दिवशी पदक देताना परत हुर्यो. पोडियमवर रडत होता तो. मला तेव्हा खरंच संताप आला होता, आजही येतो.

मैदानप्रेमी

हुर्यो चूकच. पण तिखटताई, त्याने नंतर १९३६ च्या बर्लिनमधल्या जेसी ओवेन्सशी स्वतःची तुलना केली ते विसरू नका. नाझी राजवटीतल्या काळ्या खेळाडूशी? ते कुठल्याच मापाने बरोबर नव्हतं.

तिखट_मीठ

विसरले नाही. रागाच्या भरात बोलला आणि लगेच माफी मागितली. पण पोडियमवरची हुर्यो रागाच्या भरातली नव्हती, ती एक रात्र झोप काढून आल्यानंतरची होती. ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनी पण त्यावर टीका केली, बुब्काने मध्ये पडून दोघांना एकत्र आणलं. ब्राझचं सुवर्ण पूर्ण त्याच्या कष्टाचं आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाहीच.

गावगप्पा

अवांतर : या गृहस्थाला मोटरसायकलचं भयंकर वेड आहे हे माहितीये का? २०१३ ला ल मांसच्या २४ तासांच्या मोटरसायकल शर्यतीत उतरला होता. ऑलिंपिक चँपियन असताना! त्याच्या कोचचा रक्तदाब त्या दिवशी सहा मीटरच्या वर असणार.

पाटलाचा_वाडा

गावगप्पा =))

ऑव्हेर्न_मुक्कामी

टायर कंपनीच्या कामामुळे काही वर्षं क्लेर्माँ-फेराँला राहिलो, म्हणजे लाव्हिलेनीच्याच गावात म्हणा ना, त्याचा क्लब क्लेर्माँ ऑव्हेर्न. तिथे तो २०१६ पासून 'ऑल स्टार पेर्श' नावाची इनडोअर स्पर्धा भरवतो. २०२३ च्या फेब्रुवारीत मी तिकीट काढून गेलो होतो.

टीव्हीवर पोल व्हॉल्ट बघणं आणि पंधरा-वीस मीटरवरून बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली गोष्ट म्हणजे आवाज. पोल बॉक्समध्ये आदळतो तो खाडकन् आवाज छातीत बसतो. आणि दुसरं, सहा मीटर किती उंच असतात ते मान वर केल्याशिवाय कळत नाही, दुमजली घराच्या गच्चीएवढं. लोक एका लयीत टाळ्या वाजवतात, व्हॉल्टर रनअप सुरू करतो तसा टाळ्यांचा वेग वाढतो.

त्या रात्री स्वीडनच्या मोंडो डुप्लांटिसने ६.२२ मारले, तेव्हाचा विश्वविक्रम. म्हणजे लाव्हिलेनीचा विक्रम ज्याने २०२० मध्ये तोरुनला ६.१७ मारून मोडला, तोच पोरगा याच्या गावात, याच्या स्पर्धेत येऊन आणखी वर जातो. २०२५ ला परत तिथेच ६.२७. बुब्काने डोनेत्स्कला जे केलं तेच याने क्लेर्माँला केलं, स्वतःच्या घामाने दुसऱ्याच्या विक्रमासाठी रनवे अंथरून दिला.

डुप्लांटिस लहानपणी लाव्हिलेनीचे व्हिडिओ बघत मोठा झालाय. २०१८ ला बर्लिनच्या युरोपियन फायनलला अठरा वर्षांचा असताना त्याने ६.०५ मारले, त्यात लाव्हिलेनी ५.९५ मारून तिसरा. हरल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडत नव्हतं.

डोंगरदऱ्या

वा! प्रत्यक्ष ६.२२ बघितले? नशीबवान आहात साहेब.

लॉकडाऊनमधली ती अंगणातली स्पर्धा पण आठवली यावरून. मे २०२०, जग बंद, आणि लाव्हिलेनी, डुप्लांटिस आणि अमेरिकेचा सॅम केंड्रिक्स तिघं आपापल्या घरच्या अंगणात. अर्ध्या तासात पाच मीटर जास्तीत जास्त वेळा कोण ओलांडतो. लाव्हिलेनी ३६, डुप्लांटिस ३६, केंड्रिक्स २६. पाच मीटर ३६ वेळा, अर्ध्या तासात, चौतिशीत आलेला माणूस!

जुनं_पुराण

फ्रान्सचा विषय निघालाय तर त्यांची परंपरा पण बघा. हा काही एकटा उगवलेला नाही. १९८० पासूनच फ्रेंचांनी या खेळात दबदबा ठेवलाय. फिलिप उव्हियों, तिएरी व्हिन्येरों, पिएर किनों हे सगळे विश्वविक्रमवाले. किनों १९८४ ला लॉस एंजेलिसला ५.७५ ने सुवर्ण, व्हिन्येरोंला कांस्य. मग १९९६ अटलांटाला जाँ गाल्फियोन ५.९२ ने सुवर्ण. आणि मग २०१२.

त्यातला माझा आवडता किस्सा रोमचा, ३१ ऑगस्ट १९८४. व्हिन्येरोंने ५.९१ मारून विश्वविक्रम बुब्काकडून काढून घेतला. स्टेडियम अजून टाळ्या वाजवतंय तोवर बुब्काने ५.९४ मारले. व्हिन्येरोंचा विक्रम काही मिनिटांचा पाहुणा ठरला. त्या संध्याकाळपासून विक्रम बुब्काकडे, आणि तो परत एका फ्रेंच माणसाच्या हातात यायला २०१४ उजाडलं. साडेएकोणतीस वर्षं! मला वाटतं फ्रान्समध्ये ६.१६ चं इतकं कौतुक झालं त्याला हाही संदर्भ आहे.

लाव्हिलेनीचे नंतरचे कोच फिलिप दांकोस हे स्वतः व्हॉल्टर, त्यांचे वडील एर्व्हे दांकोस पण साठच्या दशकातले नावाजलेले व्हॉल्टर. म्हणजे घराण्यांचा खेळ आहे तिकडे, आपल्याकडे गाणं असतं तसा.

भाबडा_प्रश्न

आणि आपण कुठे आहोत यात?

झेप

@भाबडा_प्रश्न, आपला राष्ट्रीय विक्रम २०२२ ला गांधीनगरच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तमिळनाडूच्या शिवा सुब्रमणियमने ५.३१ केला होता. मग २०२५ ला डेहराडूनला मध्य प्रदेशच्या देव मीणाने ५.३२, आणि तो अजून विशीतसुद्धा नव्हता. सुधारतोय आपण, पण हळू.

अडचण गुणवत्तेची नाही हो, सामानाची आहे. चांगले पोल बाहेरून मागवायचे, प्रत्येकाचा आपल्या वजना-वेगाप्रमाणे चार-पाच पोलांचा संच पाहिजे, जसे तुम्ही सुधारता तसा संच बदलत जातो. जाड, मोठी गादी सगळीकडे नसते. आणि प्रवास! आम्ही रेल्वेच्या खिडक्यांना बाहेरून पोल बांधून गेलेलो आहोत, प्रत्येक स्टेशनला उतरून गाठी तपासायच्या. विमानवाले तर बघूनच नाही म्हणतात. पोराने तंत्रावर लक्ष द्यायचं की दोरखंडावर?

सूर_मारलेला

झेपताई, यावर स्वतंत्र धागा काढा ना. खरंच.

ऑव्हेर्न_मुक्कामी

+१. तिकडे साध्या गावच्या क्लबात पण दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी छोटे पोल भिंतीला टांगलेले असायचे, ते बघून वाईट वाटायचं.

अनवट_वाट

सगळ्यांचे आभार, इतकी माहिती येईल असं वाटलं नव्हतं. मूळ मुद्द्यावर परत येतो, कारण काल रात्री मी जुने निकाल काढून बसलो होतो.

त्याने पदक घेतलेल्या पाच वर्ल्ड चँपियनशिपमध्ये सुवर्णाची उंची काय होती? बर्लिन ५.९०, देगू ५.९०, मॉस्को ५.८९, बीजिंग ५.९०, लंडन ५.९५. आणि रिओला हा ५.९८ मारून हरला. म्हणजे ज्या उडीने रौप्य मिळालं ती उडी त्या पाचही ठिकाणी सुवर्ण देऊन गेली असती, लंडन ऑलिंपिकलाही. मला यातून एवढंच दिसतं की पदकाचा रंग हे त्या दिवशी बाकीचे काय करतात त्यावरही असतं. बर्लिनला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह हूकर दुखापत घेऊन आला, फायनलमध्ये फक्त दोन उड्या मारल्या, एक ५.८५ फाउल, दुसरी ५.९० पार, सुवर्ण. याच्या विरुद्ध काय करणार कोणी?

मैदानप्रेमी

अनवटभाऊ, मी हेच आकडे उलटे वाचतो. ५.९० ही उंची लाव्हिलेनीसाठी नेहमीची होती. त्या पाचांपैकी कुठेही त्याला स्वतःच्या सर्वोत्तमच्या जवळपासही जायची गरज नव्हती. तरी झालं नाही. आणि रिओचंच घ्या, ६.०३ वर दोन फाउल झाल्यावर तिसरा प्रयत्न तिथेच का नाही केला? उगाच ६.०८ ला का गेला?

झेप

@मैदानप्रेमी, तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. ब्राझने ६.०३ दुसऱ्या प्रयत्नात काढले होते. याने तिसऱ्यात काढले असते तरी त्या उंचीवर मागेच राहिला असता, आणि दम संपला असता तो वेगळाच. रौप्य तर हातात होतंच. सुवर्णासाठी उरलेली एकमेव उडी ६.०८ वरच टाकायला हवी होती. रात्री बाराला, पावसानंतर, हजारो लोक हुर्यो करत असताना त्याने हा हिशोब डोकं शांत ठेवून केला, आणि रौप्य राखायला नाही तर जिंकायला पळाला.

आणि एक सांगते, २०२१ च्या फेब्रुवारीत, डुप्लांटिस ६.१८ वर पोचलेला असताना, चौतीस वर्षांच्या याने ओबिएरला ६.०६ मारले. ६.१६ नंतरची त्याची सर्वोत्तम उडी. त्याच वर्षी टोकियोला घोटा दुखावलेला असताना ५.७० मारून आठवा आला. पुढे मांडीच्या मागच्या स्नायूची शस्त्रक्रिया, आणि पॅरिसचं घरचं ऑलिंपिक पात्रता उंची न गाठल्यामुळे हुकलं. तरी पोल खाली ठेवला नाही. मला तरी खेळाडू याच्यावरून कळतो.

मैदानप्रेमी

झेपताई, ६.०८ चा हिशोब पटला, तो मुद्दा मागे घेतो. रिओ माझ्याकडून बंद. पण मे महिन्यात युजीनला ६.०५ मारणारा माणूस ऑगस्टमध्ये बीजिंगला ५.८० वर अडकतो, त्याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. त्या फायनलचा पूर्ण व्हिडिओ कोणाकडे असेल तर द्या, शनिवारी बसून बघतो आणि मग लिहितो.